हेवी मेटल फॅनझीनच्या इतिहासावर मराठी अंक: आराखडा, छपाई, टपाल

काळीमाती (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. हेवी मेटल या जोरकस रॉक संगीताच्या चाहत्यांनी स्वतः काढलेल्या स्वतंत्र मासिकांचा (फॅनझीन, थोडक्यात झीन) इतिहास सांगणारा एक अंक मराठीत काढतो आहे. आकार ए५, आत १६ पानं, वरून कव्हर, १०० प्रती, सगळं एकरंगी. छपाई तालुक्यालाच करायची आहे. अंक दिवाळीआधी हातात हवा.

सध्याचा आराखडा देशवार आहे: १९८१ साली इंग्लंडात 'केरांग!' हे मेटलचं मासिक निघालं तिथून सुरुवात, मग अमेरिका, मग नॉर्वे, शेवटी भारत.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. आराखड्यात काय चुकतंय? कव्हर पूर्ण काळं आणि त्यावर पांढरं नाव असं हवं आहे, पण इथल्या झेरॉक्सवर काळ्याच्या मधोमध राखाडी ढग येतात, त्याला काय करावं? मजकूर मोबाईलवर युनिकोडमध्ये टाईप केलेला आहे, डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी (युनिकोडहून वेगळी, जुन्या पद्धतीची फॉन्टप्रणाली) आहे आणि तिथे जोडाक्षरं फुटतात. आणि टपालाने प्रती पाठवायच्या तर वजन, नोंदणी वगैरे काय बघावं लागतं?

फीडबॅक (वरुड)

भाऊ, सुरुवात बदलावी लागेल. 'केरांग!' स्वतंत्र नव्हतं. ६ जून १९८१ ला ते 'साउंड्स' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाची पुरवणी म्हणून निघालं. संपादक जेफ बार्टन, कव्हरवर एसी/डीसी बँडचा गिटारवादक अँगस यंग. मागे छापखाना, वितरण, जाहिरातखातं सगळं उभं होतं. त्या काळच्या नव्या ब्रिटिश मेटल बँडांच्या लाटेला मिळालेलं 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे नावही मे १९७९ मध्ये 'साउंड्स'मध्येच आलं. हे अंकात घ्याच, पण स्वतंत्र मासिकांच्या रांगेत त्याला पहिला पाट देऊ नका. त्याच्या आधी, १९८० मध्ये, नेदरलँड्समध्ये 'आर्डस्खॉक' सुरू झालेलं होतं. नावाचा अर्थ भूकंप, आणि लिहिलेलं डच भाषेत.

दुसरं, देशवार मांडणी सोडा, साधनांप्रमाणे लावा: टाईपरायटर, झेरॉक्स, कॅसेट, टपाल. ही मासिकं जशी दिसली आणि जशी लिहिली गेली ती या चार वस्तूंमुळे. साध्या कागदावर आपोआप नक्कल काढणारं झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ साली आलं, फिलिप्सची कॅसेट १९६३ साली. १९८० च्या सुमारास दोन्ही गोष्टी युरोप-अमेरिकेत पोरासोरांच्या आवाक्यात आल्या. ज्याच्याकडे छापखाना नाही तोही पन्नास प्रती काढू शकत होता. ज्या बँडकडे रेकॉर्ड कंपनी नाही तो कॅसेटवर डेमो (नमुन्याची गाणी) भरून पाठवू शकत होता. डेमो आणि झीन एकाच पाकिटातून फिरायचे, एकावाचून दुसऱ्याचं चालत नव्हतं.

म्हणून त्या काळच्या डेमो परीक्षणात शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची असायची: पत्ता. बँडचं गाव, गाण्यांची संख्या, मिनिटं, किंमत आणि कुठे लिहायचं ते. पत्त्याशिवाय परीक्षण छापलं तर वाचणाऱ्याला ते संगीत मिळवायची वाटच नव्हती. लंडनहून बर्नार्ड डो यांनी १९८३ मध्ये 'मेटल फोर्सेस' सुरू केलं, त्यात 'डेमोलिशन' नावाचं सदर फक्त डेमोंसाठी होतं. करार नसलेल्या बँडला तिथल्या चार ओळींमुळे परदेशातून पत्रं यायची. तुमच्या अंकात एक पूर्ण पान या सदराला द्या. कुठलं मासिक किती खपलं यापेक्षा अशा सदराने काय घडवलं ते सांगण्यासारखं आहे.

टपालाचा भागही सविस्तर घ्या. देवाणघेवाण सी-६० आणि सी-९० (६० आणि ९० मिनिटांच्या) कॅसेटवर चालायची. प्रत्येक पाकिटात इतर बँडचे आणि झीनचे छोटे फ्लायर भरायचे, ए४ चे चार किंवा आठ तुकडे केलेले. पाकीट ज्याच्याकडे जाई तो ते फ्लायर पुढच्या पाकिटात घाली. जाहिरातीला एवढीच यंत्रणा होती. तिकिटावर साबणाचा किंवा गोंदाचा पातळ थर द्यायचा, शिक्का थरावर बसायचा, धुतला की तिकीट पुन्हा चालायचं, ही युक्तीही सर्रास होती. इतिहास म्हणून लिहा, पण ती टपाल खात्याची फसवणूक आहे हेही त्याच वाक्यात सांगा.

अमेरिकेच्या पानावर दोन नावं हवीतच. सॅन फ्रान्सिस्कोचे रॉन क्विंटाना १९८१ मध्ये आपल्या झीनसाठी नावं शोधत होते. त्यांच्या यादीत 'मेटॅलिका' हे नाव होतं. ड्रमर लार्स उल्रिखने ते आपल्या बँडसाठी उचललं आणि क्विंटाना यांचं झीन 'मेटल मेनिया' म्हणून निघालं. दुसरे लॉस एंजेलिसचे ब्रायन स्लेगल. रेकॉर्डच्या दुकानात काम करता करता त्यांनी १९८१ मध्ये 'द न्यू हेवी मेटल रिव्ह्यू' काढलं. दुकानातल्या आणि झीनच्या ओळखींवर १९८२ मध्ये 'मेटल मॅसॅकर' हा स्थानिक बँडांचा संग्रह आला, त्यातूनच मेटल ब्लेड ही कंपनी उभी राहिली. मेटॅलिकाचं गाणं पहिल्यांदा त्याच संग्रहात छापून आलं, आणि पहिल्या आवृत्तीवर बँडच्या नावात एक 'टी' जास्त पडला. प्रूफ दोघांनी वाचावं हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

जर्मनीतल्या डॉर्टमुंडचं 'रॉक हार्ड' १९८३ मध्ये फॅनझीन म्हणूनच सुरू झालं आणि पुढे स्टॉलवर मिळणारं नियमित मासिक झालं. उलट वाट नॉर्वेच्या 'स्लेयर' झीनची. सार्प्सबोर्ग या छोट्या शहरातून योन क्रिस्टियानसेन यांनी ते १९८५ मध्ये सुरू केलं, २०१० मध्ये थांबवलं, आणि पंचवीस वर्षांत अंक निघाले वीस. मजकूर पुरेसा झाला की अंक, पैसे आले की छपाई. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: अनियतकालिक. मराठी लघुनियतकालिकांनी हेच केलं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांचं 'शब्द' १९५० च्या दशकात सायक्लोस्टाइलवर निघत होतं. वाचकाला फॅनझीन म्हणजे काय ते समजवायला परदेशी व्याख्या नको, हे एक उदाहरण पुरे. 'फॅनझीन' हा शब्दही मेटलवाल्यांचा नाही, तो १९४० साली लुई रस शोवनेट यांनी विज्ञानकथांच्या हौशी पत्रिकांसाठी बनवला.

भाषेचाही एक धागा यातून निघतो. नॉर्वेचं 'स्लेयर' इंग्रजीत होतं, कारण त्याचा वाचक टपालाने जगभर पसरलेला. 'आर्डस्खॉक' डचमध्ये आणि 'रॉक हार्ड' जर्मनमध्ये, कारण त्यांना आपल्या मुलखातले वाचक आणि मैफली बांधायच्या होत्या. दारव्ह्याचा अंक मराठीत काढायचं कारण शोधत असाल तर ते इथे आहे.

भारताचं पान अमित सैगल यांच्या 'रॉक स्ट्रीट जर्नल'पासून सुरू करा. १९९३, अलाहाबाद. नुसतं मेटलचं नव्हतं, सगळ्या रॉकचं होतं, पण देशभरातल्या मेटल बँडना छापील जागा त्याने दिली आणि पुढे त्यातूनच 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सव उभा राहिला. मुंबई-बंगळूरुत बँड असताना मासिक अलाहाबादेतून निघालं, ही गोष्ट ठळक यायला हवी. सैगल २०१२ च्या जानेवारीत गेले.

सेंटरपिन (हिंगणघाट)

छपाईचं सांगतो. आधी तो राखाडी ढग का येतो ते समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप सुचेल.

झेरॉक्सच्या ड्रमवर विजेचा भार जिथे एकदम बदलतो, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या कडेला, तिथे टोनर (शाईची कोरडी पूड) जोरात ओढला जातो. मोठ्या सलग काळ्या भागाच्या मधोमध ती ओढ कमी पडते. यंत्र जुनं, ड्रम झिजलेला किंवा टोनर वाचवायचं सेटिंग चालू असेल तर कडा गडद आणि पोट फिकं दिसणारच. दुकानदाराला डार्क वाढवायला सांगितलं तर ढग तसाच राहतो आणि पांढऱ्या अक्षरांच्या खाचा मात्र भरतात.

तेव्हा सलग काळं देऊच नका. काळा भाग बारीक रेघांनी, ठिपक्यांनी, खरवडल्यासारख्या पोताने भरा. प्रत्येक रेघेला कड असते, त्यामुळे टोनर सगळीकडे सारखा बसतो. ८० ते ८५ टक्के काळं हे डोळ्याला पूर्ण काळंच वाटतं. जुन्या झीनची चित्रं शाईच्या टाकाने ठिपके देऊन काढलेली दिसतात, त्यात आवड होतीच, पण झेरॉक्सवर तीच टिकतात हेही खरं.

फोटोंचं तसंच. राखाडी छटांचा फोटो सरळ झेरॉक्सला दिला तर चेहऱ्याचा अर्धा भाग काळा आणि अर्धा कोरा होतो. आधी स्वतःच ठिपके पाडा. गिंप या फुकट मिळणाऱ्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर्सच्या डिस्टॉर्ट्स यादीत न्यूजप्रिंट आहे, त्यात ठिपक्यांच्या इंचाला ५० ते ६० ओळी येतील असं अंतर ठेवा. त्याआधी फोटो जरा उजळ करा, सगळ्यात गडद जागा ८५ टक्क्यांवर आणा, कारण कागदावर ठिपका फुगतो. रेघांची चित्रं आणि बँडचे काटेरी लोगो मात्र ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) निव्वळ काळं-पांढरं म्हणून स्कॅन करा. अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक रेघ ठेवू नका.

आता पानांचा हिशोब. आतली १६ पानं म्हणजे ए४ चे ४ कागद, दोन्ही बाजूंनी. कव्हर वेगळं छापा, त्याला या आकड्यांत धरू नका.

पहिला कागद: समोर १६ आणि १, मागे २ आणि १५.
दुसरा: समोर १४ आणि ३, मागे ४ आणि १३.
तिसरा: समोर १२ आणि ५, मागे ६ आणि ११.
चौथा: समोर १० आणि ७, मागे ८ आणि ९.

शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ आली पाहिजे, कुठे १८ आली तर तिथेच घोळ आहे. छापायला देण्याआधी चार कोरे कागद दुमडून, हाताने आकडे टाकून डमी करा आणि ती दुकानात सोबत न्या. लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या प्रिंट खिडकीत ब्रोशर हा पर्याय हे काम आपोआप करतो. दोन्ही बाजू एकदम छापताना पान आखूड बाजूवर पलटायला सांगा. लांब बाजूवर पलटलं की मागची सगळी पानं उलटी येतात, आणि हे शंभर प्रती झाल्यावर कळतं. एक पूर्ण प्रत काढा, दुमडा, वाचा, मगच पुढचं.

हाताने कागद फिरवून मागची बाजू छापली तर दोन-तीन मिलिमीटर सरक येतेच. म्हणून आतला समास १५ मिमी, बाहेरचा १० मिमी ठेवा. चित्र कडेपर्यंत नेऊ नका, झेरॉक्स कडेला छापतच नाही.

कागद ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम). ४०० लागतील, तीसेक वाया जातील, एक रीम पुरते. पण विदर्भाची हवा लक्षात घ्या. पावसाळ्यात ओलसर कागद गरम रोलरखाली वाकतो, अडकतो, टोनरचे डाग पडतात. मे महिन्यात उलट: कागद इतका कोरडा होतो की वीज धरतो आणि दोन-दोन कागद एकदम आत जातात. दोन्ही वेळेला रीमचं वेष्टन मशीनजवळच फोडा, कागद फुलवून घ्या, उरलेला लगेच पॉलिथिनमध्ये बांधा. दुकानात कूलर असेल तर त्याचा झोत कागदाच्या गठ्ठ्यावर नको. तासाभरात कागद मऊ पडतो.

पिन: साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, घडी कडेपासून १४८ मिमी आत असते. लांब हाताचा स्टेपलर बाइंडिंगवाल्याकडे असतो. नसेल तर स्टेपलर पूर्ण उघडा, खाली जाड पुठ्ठा किंवा थर्माकोल ठेवा, पिन बाहेरून आत मारा आणि आतले पाय हाताने वाकवा. २४/६ ची पिन पाच कागदांना भरपूर आहे. दोन पिना, वरून आणि खालून ५० मिमी सोडून. क्रम असा: दुमडा, पिन मारा, मग समोरची कड ३ मिमी कापून घ्या. आधी कापून मग दुमडलं की मधली पानं बाहेर डोकावतात.

काळीमाती (दारव्हा)

मनापासून आभार, मांडणी साधनांप्रमाणे बदलतो आहे. दोन शंका राहिल्या. इथल्या एका शिकवणीवर्गाकडे प्रश्नपत्रिका छापायचं कॉपी प्रिंटर आहे, शंभर प्रतींना ते परवडेल का? आणि कव्हरला काळं सोडून दुसरं काही शोभेल का?

सेंटरपिन (हिंगणघाट)

कॉपी प्रिंटर चालेल, फक्त त्याचं गणित वेगळं. प्रत्येक बाजूला एक मास्टर, म्हणजे बारीक भोकांचा स्टेन्सिल, जाळावा लागतो. चार कागदांच्या आठ बाजू म्हणजे आठ मास्टर. मास्टर महाग, पुढची प्रत स्वस्त. वीस-पंचवीस प्रतींना झेरॉक्स, शंभरला कॉपी प्रिंटर असा ढोबळ हिशोब बसतो, पण दोन्हीकडे प्रति बाजू दर विचारून एकदा मांडून पाहा.

अडचणी दोन. त्याची शाई तेलकट, वरच्या थराला कोरडी व्हायला वेळ घेते. एक बाजू छापून रात्रभर ठेवा, मग दुसरी. घाई केली की पहिल्या बाजूची शाई रोलरला लागते आणि पुढच्या प्रत्येक पानावर भूत उमटतं. कागद मॅपलिथोसारखा शोषणारा हवा, चकचकीत आर्ट पेपरवर शाई पुसली जाते. दुसरी अडचण: कागदाची जी कड आधी आत जाते तिथे गडद काळं असलं की कागद ड्रमला चिकटतो आणि गुंडाळला जातो. त्या कडेला किमान १० मिमी कोरं सोडा.

वडसावाला डूम (देसाईगंज, जि. गडचिरोली)

कव्हरचं ऐका जी. काळं छापूच नका, काळा कार्डच घ्या आणि त्यावर चांदी मारा. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रत्येक स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे सोनेरी आणि चंदेरी शाई असते. काळ्यावर चंदेरी लोगो, एवढंच कव्हर. मेटलच्या अंकाला यापेक्षा शोभणारं काही नाही, आणि ढगाचा प्रश्नच मिटतो.

काम असं: लोगो बटर पेपरवर लेझर प्रिंट काढायचा, काळं एकदम दाट हवं. एकात दाट येत नसेल तर दोन प्रिंट काढून एकावर एक नेमके चिकटवायचे. नाहीतर स्क्रीन उजेडात धरताना प्रकाश काळ्यातून गळतो आणि बारीक रेघा बुजतात. जाळी फार बारीक घेऊ नका. सेंटिमीटरला १२० धाग्यांच्या जाळीत चंदेरी कण अडकतात आणि विसाव्या कव्हरापासून छपाई फिकी पडत जाते. ९० च्या आसपासची घ्या. तेवढ्या जाळीला रेघ किमान अर्ध्या मिलिमीटरची लागते, म्हणजे लोगोचे काटे थोडे जाड करावे लागतील.

चमक वाढावी म्हणून काही कारागीर पावडर जास्त आणि मिडियम (पावडर धरून ठेवणारं द्रव) कमी घालतात. मग सुकल्यावर चांदी बोटाला लागते. छापून झालं की एका कव्हरावर अंगठा घासून बघा, लागली तर त्याच वेळी मिडियम वाढवायला सांगा. शंभर कव्हरांना शाई १०० ग्रॅमच्या आतच जाते.

कार्ड १७० ते २०० जीएसएम. दुमडण्याआधी क्रीझिंग करा, म्हणजे घडीच्या जागी खाच पाडून घ्या, पत्रिकावाल्याकडे ते मशीन असते. ए४ कागदाचा तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतो आणि आपली घडी त्याला आडवी पडते. क्रीझ न मारता दुमडलं की काळ्या कार्डाची घडी पांढरी फाटते. ते काळ्यावर लांबून दिसते.

आणि वेळ सांभाळा. दसऱ्यापासून आमच्या इकडच्या प्रेसमध्ये झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं सुरू होतात, भाऊबीजेनंतर मंडई (गावोगावच्या जत्रा) लागली की कोणालाच फुरसत नसते. तुमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी. दिवाळीआधी अंक हवा तर स्क्रीनचं काम पितृपक्षात द्या. लग्न नाही, मुहूर्त नाही, कारागीर मोकळा असतो आणि काम मन लावून करतो.

बारीक टाईप (मेहकर, जि. बुलढाणा)

फॉन्टचं मी सांगतो. तुमचा डीटीपीवाला युनिकोड मजकूर कन्व्हर्टर मारून श्रीलिपीत नेत असन. तिथंच घोळ होते. 'ऱ्य' मधला अर्धा ऱ हा युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं टाईप होते, त्यातली एक तऱ्हा बऱ्याच कन्व्हर्टरले समजत नाही. मग 'दऱ्या' चं 'दर्या' होते, डोंगराच्या दऱ्या जातात आन् समुद्र येते. प्रूफ वाचणाराही चुकते, कारण दोन्ही शब्द खरे हायेत.

म्हणून त्याले मजकूर देऊच नका, तयार पीडीएफ द्या. लिबरऑफिस रायटर नाहीतर स्क्रायबसमध्ये पानं लावा. स्क्रायबस १.५.३ किंवा त्यानंतरचंच घ्या, त्याच्या आधीच्यात देवनागरीची जोडाक्षरं जुळत नाहीत. पीडीएफ काढताना फॉन्ट आत बसवा. जुन्या पेजमेकरमध्ये युनिकोड चालतच नाही, तिथं डोकं लावून फायदा नाही.

मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडा, हिंदी नाही. मुक्ता किंवा नोटो सारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आन् श वेगळा असते, तो भाषा निवडल्यावरच येते. 'ॲल्बम' चा ॲ एकच अक्षर म्हणून टाईप करा. अ वर वेगळी चंद्रकोर देली तर काही फॉन्टमध्ये मधात ठिपक्यांचा गोल येते.

आकार ए५ ले १०.५ पॉइंट, ओळींतलं अंतर १४.५. एका पानावर २६० ते २८० शब्द बसतात. चित्रं धरून १६ पानांत साडेतीन हजारांच्या वर शब्द घेऊ नका. जास्त झाले तर टाईप बारीक करू नका, मजकूर कापा. झेरॉक्सवर नऊ पॉइंटची वेलांटी आन् अनुस्वार पहिले जातात.

काळ्यावर पांढरं, म्हणजे रिव्हर्स, घ्यायचं असन तर फक्त मथळे घ्या. १४ पॉइंट ठळक, त्याच्या खाली नाही. इंग्रजी अक्षर रिव्हर्समध्ये निभते, आपल्याले शिरोरेघ हाय. ती शाईनं भरली की आख्खी ओळ खोडल्यावानी दिसते.

बँडची नावं देवनागरीत एकाच तऱ्हेनं लिहा. पहिल्या पानावर 'मेटॅलिका' आन् नवव्या पानावर 'मेटालिका' असं नको. नावांची यादी आधी करून भिंतीले लावा. रिफ, ब्रेकडाऊन, ब्लास्ट बीट हे शब्द तसेच राहू द्या, वाजवणारे तेच म्हणतात.

पिनकोड (पुसद)

टपाल आणि नोंदणी.

नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा २०२३ चा आहे, १ मार्च २०२४ पासून लागू. त्यात नियतकालिकाची व्याख्या म्हणजे ठरावीक अंतराने निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरची टिप्पणी असलेलं प्रकाशन. इतिहासावरचा एकच अंक या व्याख्येत बसत नाही. म्हणून कव्हरवर 'मासिक', 'त्रैमासिक', 'वर्ष पहिले' असं काही छापू नका. तरी आतल्या पहिल्या पानावर प्रकाशक, मुद्रक आणि ठिकाण छापाच, प्रत कुठून आली ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. पुढे दर तीन महिन्यांनी काढायचं ठरलं तर आधी सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर नाव तपासून नोंदणी करून घ्या. वृत्तपत्रांचा सवलतीचा टपाल दर नोंदणी असल्याशिवाय मिळत नाही.

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. पुस्तकांसाठी मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आहे, पण ते ३०० ग्रॅमपासून सुरू होतं आणि नियतकालिकं किंवा जाहिराती असलेला मजकूर त्यात चालत नाही. तुमच्यासाठी साधं टपालच बरं. त्याचा टप्पा २० ग्रॅमचा, म्हणून वजन छपाईच्या आधी काढा.

ए४ चा ७५ जीएसएम कागद ४.७ ग्रॅम. चार कागद जवळपास १९. वर सुचवलेलं २०० जीएसएमचं काळं कार्ड १२.५. खाकी पाकीट ७ धरा. झाले ३८ ते ३९ ग्रॅम. दोन फ्लायर आणि चिठ्ठी टाकली की ४० ओलांडतं आणि प्रत्येक पाकिटाला तिकीट वाढतं. कार्ड १७० चं घेतलं तर दोन ग्रॅम वाचतात, आतला कागद ७० चा घेतला तर आणखी सव्वा. पण ७० च्या कागदावर मागचं काळं समोर दिसतं, त्यामुळे आतला कागद ७५ चाच ठेवा आणि बचत कव्हरमध्ये करा. एक नमुना पाकीट पूर्ण भरून, चिकटवून, सोनाराच्या काट्यावर तोलून बघा. तिकीट कमी पडलं तर फरकाच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होते, आणि बरेच जण ते पाकीट घेतच नाहीत.

पाकिटात प्रतीमागे एक कोरा पुठ्ठा घालायचा मोह होतो, तो १५ ग्रॅम खातो. त्याऐवजी पाकीट ए५ च्या अगदी मापाचं घ्या, म्हणजे प्रत आत हलत नाही आणि कोपरे दुमडत नाहीत. पावसाळ्यात पाठवत असाल तर प्रत आधी पातळ पॉलिथिनमध्ये, ते एक-दोन ग्रॅमचं असतं. पत्ता पाण्याने न पसरणाऱ्या बॉलपेनने, पिनकोड सहाही आकडी.

काळीमाती (दारव्हा)

कव्हर १७० चं काळं, चंदेरी लोगो, काम पितृपक्षात. आत ७५ चा मॅपलिथो, कॉपी प्रिंटरवर. आणखी एकच: जुन्या बँडचे फोटो इंटरनेटवरून घ्यावे का?

फीडबॅक (वरुड)

नका घेऊ. फोटोवर हक्क फोटो काढणाऱ्याचा, भारतात तो प्रकाशनापासून साठ वर्षं टिकतो, म्हणजे १९८१ चा फोटो अजून हक्कात आहे. गाण्याच्या ओळी आणि त्यांचं भाषांतरही परवानगीशिवाय छापू नका. त्याऐवजी वस्तूंची चित्रं काढून घ्या: सी-६० कॅसेट, टाईपरायटर, तिकिटांनी भरलेलं पाकीट, लांब हाताचा स्टेपलर. शाईच्या टाकाने, ठिपक्यांनी. मूळ चित्र ए४ वर काढा आणि ७१ टक्क्यांना लहान करा, ते बरोबर ए५ होतं. लहान करताना रेघही त्याच प्रमाणात बारीक होते, म्हणून मूळ चित्रात ०.३ मिमीच्या खालचा टाक वापरायला देऊ नका.